ऑपरेशन पोटाचं, तयारी घराची

मागच्या महिन्यात सकाळच्या पेपरातून एक गुलाबी कागद घरात आला. ‘लठ्ठपणापासून सुटका! दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. तीन दिवसांत घरी. हप्त्यांची सोय.’ खाली एकाच बाईचे दोन फोटो. एकावर ‘आधी’, दुसऱ्यावर ‘नंतर’. त्याच दुपारी कामतघरला आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा करणं राहिलं बाजूला, तो कागदच हातोहात फिरत राहिला. कुणी हसलं, कुणी कागद घडी करून हळूच पर्समध्ये टाकला. एक जण मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “ताई, मुलगी बावीस वर्षांची आहे. वजन ब्याऐंशी किलो. दोन स्थळं परत गेली. लग्नाआधी हे करून घ्यावं का?”

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, घर सांभाळून चार बायकांच्या उपयोगी पडणारी एक गृहिणी. पण आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या या ऑपरेशनाच्या वेळी मी पहिल्या तपासणीपासून त्यांच्या सोबत होते. भिवंडी ते ठाणे, ठाणे ते मुंबई अशा किती फेऱ्या झाल्या याची मोजदाद नाही. त्यामुळे त्या दोन फोटोंच्या मधे काय काय असतं, ते थोडंफार पाहिलंय. मैत्रिणींनो, आज तेच सांगायचंय.

बातम्यांतून आलेलं ऑपरेशन

आपल्याकडे या शस्त्रक्रियेचं नाव घरोघरी पोचलं ते बातम्यांमुळे. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ती करून घेतली, तेव्हा ‘बॅरिअ‍ॅट्रिक’ हा शब्द अनेकांनी पहिल्यांदा ऐकला. मग २०१७ चा फेब्रुवारी. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरातून ३६ वर्षांच्या इमान अहमदला मालवाहू विमानातून मुंबईत आणलं. वजन पाचशे किलोच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं. सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांनी मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया केली. रोज बातमी, रोज किलोचा आकडा. मेमध्ये तिला पुढच्या उपचारांसाठी अबुधाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबर २०१७ ला तिथेच तिचं निधन झालं. हृदय आणि मूत्रपिंडाचे विकार हे कारण सांगितलं गेलं. बिचारी आधीच पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती.

त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या निवडणुकीच्या बंदोबस्तावर टिप्पणी करताना एका नामवंत लेखिकेने एका स्थूल पोलिसाचा फोटो टाकला होता, आठवतंय? ते निघाले मध्य प्रदेशातले पोलीस निरीक्षक दौलतराम जोगावत. थट्टा जगभर झाली आणि त्यातूनच पुढे मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. जाड माणूस म्हणजे खादाड, आळशी, हे आपण किती चटकन ठरवून टाकतो! त्याच्या शरीरात काय बिघाड आहे, हे विचारायच्या आधी आपण हसून मोकळे.

तिसरी बातमी आपल्या शेजारची, वसईची. तिथल्या एका बाईंचं वजन तीनशे किलोपर्यंत गेलं होतं. वर्षानुवर्षं अंथरुणावर. २०१५ मध्ये त्यांची एक शस्त्रक्रिया झाली, २०१७ मध्ये दुसरी. २०१९ च्या जानेवारीत त्यांची गोष्ट पेपरांतून आली तेव्हा वजन ८६ किलो होतं आणि त्या आपल्या पायांनी चालत होत्या. फोटो सगळ्यांनी पाहिला. पण दोन ऑपरेशनं आणि चार वर्षं, हे किती जणींनी वाचलं? गुलाबी कागदावर ‘तीन दिवस’ छापलेलं असतं. खरा हिशेब असा वर्षांचा असतो.

हे ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

पहिला गैरसमज म्हणजे यात चरबी काढतात. नाही. चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन, ते दिसण्यासाठी असतं. मे २०२२ मध्ये बेंगळुरूला कन्नड मालिकांत काम करणारी २१ वर्षांची चेतना राज अशाच चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली, तेव्हा आमच्याकडे सगळ्या म्हणाल्या, “बघा, वजनाचं ऑपरेशन!” ते हे नव्हे.

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया जठरावर होते. तिचे दोन प्रकार जास्त चालतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारा एक रस मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतो, म्हणून भूकही कमी होते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला अगदी छोटी पिशवी करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न थोडं जातं आणि वाटेतला काही भाग टाळून जातं. मधुमेहावर याचा चांगला परिणाम होतो. पण लोह, कॅल्शियम, बी-१२ अंगाला लागणंही कमी होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा गैरसमज म्हणजे ‘काही होत नाही हो, छोटंसं असतं’. दुर्बिणीतून करतात म्हणून जखमा छोट्या, ऑपरेशन मोठंच. अनुभवी डॉक्टर आणि सुसज्ज रुग्णालय असेल तर जिवाला धोका हजारात एखाद-दुसऱ्याला, पण असतो. टाक्यातून गळती, रक्ताची गुठळी, रक्तस्राव हे होऊ शकतं. एप्रिल २०२४ मध्ये पुद्दुचेरीचा २६ वर्षांचा तरुण चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेच्या वेळी गेला, तेव्हा तिथल्या सरकारने चौकशी लावली होती. घाबरवायला सांगत नाहीये. स्वस्त कुठे, यापेक्षा अतिदक्षता विभाग कुठे, भूलतज्ज्ञ कोण, या डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशनं केलीत, हे आधी विचारायचं, एवढंच. आपण साडी घेताना दहा दुकानं फिरतो, मग इथे दोन डॉक्टरांचं मत घ्यायला लाजायचं कशाला?

कुणासाठी, आणि पैशाचं काय?

डॉक्टर बीएमआय नावाचा आकडा पाहतात. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये, आणि वजनाला उंचीने दोनदा भागा. आमच्या वहिनींची उंची १.५५ मीटर, म्हणजे पाच फूट एक इंच. वजन १०४ किलो. आकडा आला ४३. जोडीला मधुमेह, रक्तदाब, रात्री घोरताना मधेच श्वास अडकणं.

पूर्वी ४० च्या वर, किंवा आजार असतील तर ३५ च्या वर, असा दंडक होता. २०२२ मध्ये या विषयातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो ३५ आणि मधुमेह असेल तर ३० वर आणला. आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असंही म्हटलं, कारण आपल्या पोटावरची चरबी कमी वजनातही त्रास देते. पण विमा कंपन्यांचं गणित अजून जुनंच आहे. २०१९ च्या विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे आकडा ४० किंवा त्याहून जास्त हवा, किंवा किमान ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार असं काही. वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि आधी बाकीचे उपाय करून झालेले असावेत. म्हणजे बघा, डॉक्टर म्हणतील ३३ ला करता येईल आणि विमावाला म्हणेल एक रुपया मिळणार नाही. या फटीतच हप्त्यांच्या जाहिराती बसतात.

खासगी रुग्णालयात खर्च साधारण अडीच ते पाच लाखांच्या घरात जातो. वहिनींचे यजमान यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम. मालकाने काढलेल्या विम्यातून काही रक्कम मिळाली, बाकीसाठी वहिनींनी पाटल्या मोडल्या. पण खर्च ऑपरेशनाने संपत नाही. प्रोटीनची पावडर, गोळ्या, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी, जाण्यायेण्याचं भाडं. ‘नंतर’चा हा खर्च आधीच वहीत मांडून बघा.

आता तर इंजेक्शनंही आली आहेत. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात विक्रीला आली आणि ‘ऑपरेशन कशाला, सुई घ्या’ असं सुरू झालं. काहींना त्याचा उपयोग होतोही. पण औषध थांबवलं की गेलेलं वजन बऱ्याच जणींचं परत येतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घ्यायचं नाही. ऑपरेशन की इंजेक्शन, हे मैत्रिणीचं बघून ठरवायचं नसतं.

आणि त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या आईला मी काय सांगितलं? म्हटलं, आधी मुलीला विचार तिला काय त्रास होतो. पाळी नियमित आहे का, थायरॉईड पाहिलंय का, साखर पाहिलीय का? आजारासाठी डॉक्टर म्हणाले तर जरूर विचार करा. पण स्थळासाठी पोरीचं जठर कापू नका. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदर राहायचं नाही असा डॉक्टरांचा सल्ला असतो. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ‘गोड बातमी कधी?’ विचारणाऱ्या घरात तिला हे सांगता येणार आहे का? त्यातून गंमत अशी, की वजन उतरलं की अडलेली पाळी सुरू होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहू शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवरही पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून दुसरं साधन डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं लागतं.

तयारी: खोटं बोलायचं नाही

वहिनींची तयारी तीन महिने चालली. रक्त, साखर, थायरॉईड, हृदयाची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीतून जठर पाहणं, झोपेची तपासणी. आहारतज्ज्ञ बाई वेगळ्या आणि मानसोपचारतज्ज्ञही. मानसोपचाराचं नाव काढल्यावर वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, “डोकं फिरलंय का हिचं? आमच्या वेळी दळण-कांडण होतं, असली थेरं नव्हती.” पण त्या डॉक्टरांनी विचारलेला पहिलाच प्रश्न ऐकून वहिनी रडल्या. प्रश्न साधा होता, “तुम्ही जेवता कधी?”

खरंच, कधी जेवतात वहिनी? सकाळी डबे, मग पोळ्यांचे उरलेसुरले तुकडे चहात बुडवून. दुपारी कालची भाजी संपवायची म्हणून. यजमानांची बारा तासांची पाळी सुटल्यावर रात्री सगळ्यांना वाढून झालं, की अकराला उरलेला भात, ‘टाकायचा कसा’ म्हणून. ताट वाढून घेऊन शांत बसून असं नाहीच. त्या फार खात नव्हत्या. त्या दिवसभर उरलेलं खात होत्या. माझ्याही घरात याहून वेगळं चित्र नाही, आणि तुमच्या?

आणखी एक गोष्ट. तंबाखू खाता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वहिनी ठामपणे ‘नाही’ म्हणाल्या. परतताना अंजूर फाट्याला रिक्षा अडकली होती, तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “ताई, मी मिसरी लावते. लग्नाआधीपासून. ह्यांना माहीत नाही.” मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्याने जखमा भरायला वेळ लागतो आणि बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो. दुसऱ्या खेपेला मी सोबत बसले आणि त्यांनी डॉक्टरांना खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, तारीख दीड महिना पुढे ढकलली. मिसरी सुटायला ऑपरेशनापेक्षा जास्त त्रास झाला असं वहिनी आजही म्हणतात. पण बायांनो, डॉक्टरांपासून लपवायचं नाही. मिसरी असो, आयुर्वेदिक काढा असो की डिलिव्हरीनंतरची जुनी दुखणी, सगळं सांगायचं.

शेवटचे दोन आठवडे भात-पोळी-साखर जवळजवळ बंद. प्रोटीन, सूप, ताक, भाज्या. हे उपाशी ठेवण्यासाठी नसतं. जठरावर यकृत पसरलेलं असतं. अशा आहाराने ते आकसतं आणि डॉक्टरांना आत काम करायला जागा मिळते. वऱ्हाळादेवीच्या तलावावर रोज अर्धा तास चालणं सुरू केलं. पहिल्या दिवशी दोनशे पावलांत बसल्या होत्या.

नंतर: चमच्याचं आयुष्य

ऑपरेशन बायपासचं झालं. त्याच संध्याकाळी नर्सने उठवून चालवलं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. चौथ्या दिवशी घरी. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: डाळीचं पाणी, ताक, दूध, गाळलेलं सूप, तेही औषधाच्या छोट्या कपाने घोट घोट. मग मिक्सरमधून काढलेलं वरण, दही, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं. महिना-दीड महिन्याने नेहमीचं जेवण, चार-पाच चमचे. एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, अर्धा तास थांबून मग. आधी प्रोटीन, म्हणजे डाळ, कडधान्य, अंडं, मासे, पनीर, मग भाजी, जागा उरली तर पोळी-भात. आपल्या ताटाचा हा उलटा क्रम आहे!

तिसऱ्या महिन्यापासून केस गळायला लागले. कंगव्यात बोळेच्या बोळे. वहिनी घाबरल्या. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा हे होतं आणि प्रोटीन, लोह नीट मिळालं तर काही महिन्यांत परत येतात. आले. गौरी-गणपतीत एका घरी आग्रहाने अडीच मोदक खाल्ले. पाऊण तासात घाम, धडधड, चक्कर, पोटात मुरडा. गोड पटकन आतड्यात उतरलं की असं होतं, बायपासनंतर विशेष. यजमानीणबाईंना वाटलं, मोदकच बाधला. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवाल्याकडून वेदनाशामक गोळी आणली होती, ती मी हातातून काढून घेतली. बायपासनंतर अशा बऱ्याच गोळ्यांनी जठराला व्रण होतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घ्यायची नाही.

लोकांचं तर विचारूच नका. जाड होत्या तेव्हा ‘काय खातेस गं’ म्हणणाऱ्याच आता म्हणतात, ‘आजारी दिसतेस, काही मोठं दुखणं तर नाही ना?’ लग्नाच्या पंगतीत दोन घास खाऊन ताट ठेवलं की ‘आवडलं नाही वाटतं’. दंडाची, पोटाची कातडी लोंबते, ते फोटोत दिसत नाही. उपासाचाही प्रश्न आला. नवरात्रात साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, प्रोटीन जवळजवळ नाहीच. आमच्या शेजारच्या भाभींनी रमजानच्या रोज्यांबद्दल हेच विचारलं. निदान सुरुवातीच्या काळात तरी निर्जळी किंवा कडक उपास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नकोत. देव समजून घेतो, शरीर घेत नाही.

पहिल्या वर्षात वजन ७५ वर आलं. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, घोरणं थांबलं. साधारण एकूण वजनाच्या पाव हिस्सा ते तीस टक्के वजन वर्ष-दोन वर्षांत उतरतं, त्या मानाने चांगलंच. सगळ्यांना वाटलं, झालं काम. आणि इथेच घोळ झाला.

गोळ्या का बंद झाल्या?

दुसऱ्या वर्षी मोठ्या मुलाची कॉलेजची फी आली. वहिनींनी घरात कुणाला न सांगता आपल्या गोळ्या बंद केल्या. ‘आता बरीच आहे की मी’. सहा-सात महिने. मग पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, पायऱ्या चढताना धाप. तपासलं तर बी-१२ आणि हिमोग्लोबिन दोन्ही तळाला. बी-१२ फार काळ कमी राहिलं तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. वेळेत इंजेक्शनं सुरू झाली म्हणून निभावलं. मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागलं ते हे. मुलाची फी, सासूबाईंचा मोतीबिंदू, दिवाळीचा किराणा, सगळं वहीत होतं. वहिनींच्या गोळ्या वहीत नव्हत्या. त्यांनी स्वतःच त्या लिहिल्या नव्हत्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या आणि ५७ टक्के रक्तक्षयाच्या. आपण समजतो जाड बाई म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. पण वजन शंभर किलो आणि रक्त नऊ, अशी बाई मी आमच्याच गटात पाहिली आहे. पोट भरायला भात, चहा, बिस्किटं मिळतात; डाळ, अंडं, फळ आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातं. ज्या घरात बाई उरलेलं खाते, त्या घरात तिचं जठर छोटं केलं, तर त्या छोट्या जठरातही उरलेलंच जाणार. मग आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी होणार. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य हेच.

म्हणून मला वाटतं, या शस्त्रक्रियेची तयारी एकट्या बाईची नसते. डॉक्टरांसमोर नवऱ्याने बसायला हवं, सासूनेही. घरात तिच्यासाठी काय शिजणार, ती किती वाजता बसून जेवणार, गोळ्यांचे पैसे कुठून येणार, तपासणीच्या दिवशी डबे कोण करणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरायला हवं. हे ठरत नसेल तर तारीख घेऊ नये, असं मी आता उघड सांगते.

वहिनींच्या घरी आता काय चित्र आहे? सगळं बदललं असं म्हणणार नाही. यजमान अजूनही म्हणतात, “एवढा खर्च केला, आता हिनेच बघायला पाहिजे.” पण दहावीतल्या लेकीने गोळ्यांचा डबा केला आहे. लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी, कारण दोन्ही एकत्र घेतली तर एकमेकांच्या आड येतात. लोहाच्या गोळीनंतर लगेच चहा नाही. आणि सासूबाई, थेरं म्हणणाऱ्या त्याच, साडेसातला ओरडतात, “अगं, पोळ्या राहू दे, आधी तुझं ताट घे.” चार किलो वजन परत चढलंय, संध्याकाळच्या चहाबिस्किटांमुळे. वहिनी डॉक्टरांकडे जायला लाजत होत्या. मी म्हटलं, थोडं वजन बऱ्याच जणींचं परत येतं, त्यासाठीच तर जायचं. गेलो. काही कुणी ओरडलं नाही.

परवा त्या मला म्हणाल्या, “ताई, ऑपरेशन केल्याचा पस्तावा नाही. पण हे साडेसातचं ताट वीस वर्षांपूर्वी मिळालं असतं तर?”

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या घरातलं ताट मात्र आज रात्री तुम्हीच वाढून घ्या. बैठकीतल्या त्या आईलाही मी शेवटी हेच सांगितलं. पोरीला डॉक्टरांकडे जरूर ने, पण घरी गेल्यावर आधी बघ, ती काय खाते आणि कधी खाते.

लक्षात ठेवा

* निर्णयाआधी दोन डॉक्टरांचं मत घ्या. मधुमेह, थायरॉईड, झोप आणि जठराची तपासणी टाळू नका.
* तंबाखू, मिसरी, चालू औषधं, आधीची ऑपरेशनं, काहीही लपवू नका.
* विम्याचा कागद आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींत या शस्त्रक्रियेसाठी काही वर्षं थांबावं लागतं. लेखी मंजुरीशिवाय पैसे भरू नका.
* ऑपरेशननंतर ताप, पोटात जोराची कळ, नाडी जलद, धाप किंवा पोटरी सुजून दुखणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच रुग्णालय गाठा.
* उलट्या थांबत नसतील तर ‘पोट लहान झालंय, होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. जीवनसत्त्वांच्या कमतरतेने नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते.
* बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जन्मभर घ्यायचं. रक्त तपासणी पहिल्या वर्षी वरचेवर, पुढे दरवर्षी.
* वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळा. साधन कोणतं, ते डॉक्टरांना विचारा.
* गोळ्यांचा आणि तपासण्यांचा खर्च घरखर्चाच्या वहीत, वरच्या ओळीत लिहा.